सर्वांत तरुण ठिगळ

गोधडीचे कौतुक करणारे पुष्कळ. तिला तिचे वय विचारणारे थोडे. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी त्या थोड्यांची आठवण.

होळी जळाली, थंडी पळाली. थंडीबरोबर घरातली पांघरायची गोधडीही अंथरुणातून उठते. दोन दिवस गच्चीत ऊन खाते, तिच्या घडीत कडुलिंबाचा पाला नाहीतर डांबरगोळ्या पडतात आणि माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत तिची रवानगी होते ती दिवाळी मागे पडेपर्यंत. घडी घालताना हात मध्येच थबकतो. 'ही आत्याची चंद्रकळा', 'हा माझा शाळेचा सदरा', 'आणि हे गं कुणाचं?' शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळेलच असे नाही, कारण उत्तर देणारी बहुधा भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसलेली असते. घडी मिटते. आपल्याकडे गोधडीचा इतिहास असा वर्षातून एकदा, तोंडी, घडी घालता घालता सांगितला जातो आणि सांगणारीबरोबर संपतो.

याच दिवसांत, मार्चच्या तिसऱ्या शनिवारी, अमेरिकेत 'राष्ट्रीय क्विल्टिंग दिन' असतो. केंटकी राज्यातल्या शिवणाऱ्या बायकांनी १९८९ मध्ये या शनिवारी घराबाहेर पडून एकत्र शिवायचे ठरवले आणि १९९१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने तो दिवस साऱ्या देशाचा केला. परदेशी 'दिनां'ची आपल्याकडे आधीच काही कमी गर्दी नाही. तीत आणखी एकाची भर घालावी असा आमचा हेतू नाही. पण या दिवसामागे बायकांची एक पिढी उभी आहे. सुई खाली न ठेवता तिने लेखणी उचलली, आजीच्या पांघरुणाला उलटतपासणीला बसवले आणि त्यातून आपल्या देशाच्या कापडाचा, कारखान्यांचा, गुलामगिरीचा इतिहास लिहिला. प्राध्यापकांनी आणि संग्रहालयांनी दखल घ्यायच्या आधी हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलांवर सुरू झाले होते. त्या पिढीतले ठळक नाव बार्बरा ब्रॅकमन. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या या विदुषी स्वतः क्विल्ट शिवतात, जुन्या छापांवरून नवी कापडे बेततात आणि गेली चार दशके त्याच कापडांचा इतिहास लिहितात.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला किंवा अखंड कापडाचा पदर, मध्ये कापसाचा नाहीतर लोकरीचा भर, खाली अस्तर. आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा. आपल्या गोधडीत मधला भर बहुतेक वेळा जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या घड्यांचाच असतो. एवढा फरक सोडला तर दोघी चुलत बहिणी. म्हणूनच तिकडच्या बहिणीची चौकशी कशी झाली, हे इकडे समजून घेण्यात अर्थ आहे.

ब्रॅकमन यांच्या कामाची सुरुवात फार साधी होती. जुन्या क्विल्टमध्ये दिसणारा प्रत्येक नमुना एका पुठ्ठ्याच्या कार्डावर काढायचा, त्याचे नाव लिहायचे आणि कार्ड जपून ठेवायचे. त्या ज्या कॅन्सस विद्यापीठात शिकल्या, त्याच्या संग्रहात लेव्हनवर्थ गावच्या कॅरी हॉल नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने दिलेले आठशेहून अधिक नमुना-चौकोन होते. नमुना दिसला की त्याचा एक तरी चौकोन शिवून ठेवायचा, असा या हॉलबाईंचा नेम. त्यांनी नमुने कापडावर शिवून जपले, ब्रॅकमन यांनी ते कागदावर उतरवून. कार्डे वाढत गेली, १९७९ पासून ती भागाभागाने छापली गेली आणि १९९३ मध्ये त्यांचा एक जाडजूड कोश झाला. त्यात चार हजारांहून अधिक नमुने आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि आज जगभरच्या शिवणाऱ्या एकमेकींशी बोलताना त्या नमुन्याचा 'ब्रॅकमन क्रमांक' सांगतात.

क्रमांकाची गरज का पडली? कारण नावांवर विसंबता येईना. एकच नमुना एका मुलखात 'अस्वलाचा पंजा', दुसरीकडे 'चिखलातले बदकाचे पाऊल' आणि शांतताप्रिय क्वेकर मंडळींत 'मैत्रीचा हात'. इथवर सगळे गोड आहे. बारा कोसांवर भाषा बदलते, तशी नावे बदलणारच. पण कार्डांवर नावाशेजारी ते नाव पहिल्यांदा कुठे छापले गेले याची नोंद होऊ लागली, तेव्हा भलताच प्रकार उघडकीला आला. ज्यांना सगळे 'पूर्वापार चालत आलेली' समजत होते अशी कितीतरी नावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट लुईसच्या एका टपाली व्यापाऱ्याच्या सूचिपत्रात किंवा विसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांच्या महिला-पानांवर जन्मली होती. 'कॅन्सस सिटी स्टार' या पत्राने १९२८ ते १९६१ अशी तेहतीस वर्षे क्विल्टचे नमुने छापले. नात जे नाव 'माझ्या पणजीपासूनचं' म्हणून मिरवत होती, ते पणजीने ताज्या अंकातून कात्रीने कापून घेतले होते. वर्तमानपत्राच्या याच जागेवरून हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते खरे! परंपरा नावाची वस्तू कधी कधी आमच्यासारख्यांच्याच छापखान्यात तयार होते, ही जाणीव संपादकांनी अधूनमधून ताजी करून घ्यावी.

ब्रॅकमन यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मात्र १९८९ चे. 'क्लूज इन द कॅलिको' हे त्याचे नाव. कापडातले धागेदोरे, असे म्हणता येईल. कोणत्याही नावागावाशिवाय समोर आलेल्या जुन्या क्विल्टचे वय कसे ओळखायचे, हा त्याचा विषय. यातले 'कॅलिको' म्हणजे आपले कालिकतचे कापड, हे जाता जाता लक्षात ठेवू. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

वय ओळखण्याचा पहिला नियम इतका साधा की ऐकून हसू यावे: गोधडी तिच्यातल्या सर्वांत तरुण ठिगळाहून म्हातारी असू शकत नाही. पण या नियमामागे शिवणाऱ्या बाईचे आयुष्य आहे. पुस्तकी अभ्यासकाने एखाद्या क्विल्टमध्ये १८२० च्या सुमाराची सुंदर छापील फुले पाहिली की तो हरखून 'दोनशे वर्षांपूर्वीची' अशी चिठ्ठी लावून मोकळा होईल. शिवणारी तसे करणार नाही. तिला बोचके ठाऊक असते. तिच्या स्वतःच्या खाटेखाली चिंध्यांचे जे बोचके आहे त्यात सासूच्या सासूचा खण, लेकाचे पहिले झबले आणि गेल्या दिवाळीच्या परकराचा उरलेला तुकडा एकत्र नांदत असतात. कापड फाडले कधी, ठेवले कधी आणि लावले कधी, यांत पन्नास वर्षे सहज निघून जातात. म्हणून जुन्या तुकड्यावर भुलायचे नाही. सगळ्यांत नवा कोणता ते शोधायचे. ज्या हाताने बोचके सोडले आहे, त्यालाच हे शहाणपण चटकन सुचते.

आता असा एक क्विल्ट डोळ्यांसमोर आणा. एका ठिगळातली पांढऱ्या जमिनीवरची फुले शाबूत आहेत, पण त्यांच्याभोवतीची तपकिरी रेघ जणू कसरीने खाल्ली आहे. ती कसरीने खाल्लेली नाही. गडद तपकिरी आणि काळा रंग पक्का करण्यासाठी लोहाचे द्रावण वापरत; त्या लोहाने वर्षानुवर्षे धागा आतून कुजवला आणि नेमका तेवढाच भाग गळून पडला. म्हणजे रंगच कापडाचा वैरी ठरला. शेजारच्या पानाच्या हिरव्या रंगात एका कडेने निळी आणि दुसऱ्या कडेने पिवळी झाक डोकावते. निळ्यावर पिवळा किंवा पिवळ्यावर निळा चढवून हिरवा करायची ही जुनी रीत. पुढच्या एका ठिगळातला हिरवा मात्र सबंध उडून मातकट झाला आहे. ही नंतरच्या, कारखान्यातल्या स्वस्त रंगांची करणी. लालभडक तुकडा धुऊन धुऊनही तसाच आहे, तो मंजिष्ठाच्या मुळापासून बऱ्याच खटपटीने चढवलेला 'टर्की रेड'. कुठे जांभळी छटा दिसली तर कान टवकारायचे, कारण विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने हिवतापाचे औषध शोधता शोधता पहिला कृत्रिम जांभळा रंग केला तो १८५६ साली. मग उलटी बाजू पाहायची. शिवण हाताची की यंत्राची? एलियास हाऊ यांना शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले १८४६ मध्ये. ते घरोघर पोचायला आणखी काही वर्षे गेली. असे दहा-बारा साक्षीदार तपासून झाले की मगच दशकाचा अंदाज बांधायचा, आणि तोही 'या सालानंतरचा' अशा बेताच्या शब्दांत.

या तपासात पहिला बळी पडतो तो आवडत्या गोष्टींचा. आतल्या कापसात सरकीचे कण दिसले की क्विल्ट १७९३ च्या, म्हणजे एली व्हिटनीचे सरकी काढणारे यंत्र येण्याच्या आधीचा, अशी एक ठाम समजूत होती. क्विल्ट उजेडाकडे धरून लोक सरकी शोधायचे. पुढे खूप नंतरच्या, अगदी विसाव्या शतकातल्या क्विल्टमध्येही सरकी सापडत गेली आणि समजूत निकालात निघाली. त्याहून लाडकी समजूत अशी की, क्विल्ट हे गरिबीचे अपत्य. पहिल्या वसाहतकरी बायकांनी हिवाळ्यात चिंधी चिंधी जोडून कुटुंब जगवले, हे चित्र अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकी मनात खोल रुजले होते. अभ्यासक बायकांनी मृत्युपत्रे आणि घरसामानाच्या याद्या चाळल्या. अठराव्या शतकात क्विल्ट ही सुखवस्तू घरातली महागडी चीज होती. तुकडे जोडण्याला खरा बहर आला तो पुढल्या शतकात, न्यू इंग्लंडच्या गिरण्यांनी छापील सुती कापड स्वस्त केल्यावर. फुरसत आणि कापड दोन्ही हाताशी आले, तेव्हा कला फुलली.

गरिबीची ही गोष्ट पसरवण्यात आधीच्या लेखिकांचाही हात होता, पण त्यांच्यावर डाफरायचे कारण नाही. क्विल्टवरचे पहिले संपूर्ण पुस्तक मेरी वेबस्टर यांनी १९१५ मध्ये लिहिले. इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावच्या या गृहिणीने पन्नाशीला टेकल्यावर क्विल्टच्या रचना करायला घेतल्या, १९११ मध्ये एका खपाच्या महिला मासिकाने त्या रंगीत छापल्या आणि देशभरातून नमुन्यांची मागणी येऊ लागली. त्यांच्या काळात जुन्या दिवसांची ओढ लागलेल्या अमेरिकेला आजी प्रेमळ आणि कष्टाळू हवी होती. पुस्तकांनी ती तशी रंगवली. पण पुस्तक होते म्हणूनच ते पुढच्यांना खोडता आले. न लिहिलेली चूक दुरुस्त करता येत नाही. मॅरियनमधले वेबस्टर यांचे घर आज क्विल्टकारांचे सन्मानभवन आहे आणि चुका काढणाऱ्या ब्रॅकमन यांचाही तिथे सन्मान झाला आहे. पूर्वसूरींचे ऋण फेडण्याची ही पद्धत आपल्याकडेही रुजावी.

चौकशीची खरी कसोटी लागली ती १९९९ मध्ये. त्या वर्षी आलेल्या एका पुस्तकाने सांगितले की, गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून जाणाऱ्या काळ्या माणसांना क्विल्टमधून सांकेतिक खुणा दिल्या जात. कुंपणावर अमुक नमुना वाळत घातला की सामान बांधा, तमुक घातला की निघा. चार्ल्सटनच्या बाजारात क्विल्ट विकणाऱ्या एका वृद्धेने सांगितलेल्या घराण्याच्या आठवणीवर ते उभे होते. गोष्ट विलक्षण सुंदर. ती शाळांत गेली, मुलांच्या पुस्तकांत गेली, दूरचित्रवाणीवर गेली. तिला विरोध करणे म्हणजे गुलामांच्या शहाणपणाला विरोध करणे, असे वाटण्याजोगी परिस्थिती झाली. ब्रॅकमन आणि त्यांच्या सहकारिणींनी तरीही कार्डे काढली. संकेतांच्या यादीतला 'जोड-लग्नाच्या अंगठ्यां'चा नमुना त्या नावाने छापील स्वरूपात दिसतो तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. पळून आलेल्यांच्या ज्या मुलाखती आणि आत्मकथने नोंदली गेली, त्यांत या संकेतांचा मागमूस नाही. २००६ मध्ये ब्रॅकमन यांनी क्विल्ट आणि गुलामगिरी यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि त्यात काय माहीत आहे आणि काय रचलेले आहे, याची वाटणी केली.

यावर कोणी विचारील की, गोष्ट खोटी असली तरी भले करणारी होती ना? मग नसती उठाठेव कशाला? याचे उत्तर हॅरिएट पॉवर्सच्या क्विल्टमध्ये आहे. ही जॉर्जियातली बाई १८३७ मध्ये गुलाम म्हणून जन्मली. मुक्त झाल्यावर तिने बायबलमधल्या कथा कापडी आकृत्या लावून एका क्विल्टवर मांडल्या. त्याच्या ११ चौकटी आहेत. १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत तो जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने पाहिला आणि मागितला. हॅरिएटने नकार दिला. पाच वर्षांनी दिवस फिरले, तेव्हा तीच तो घेऊन आली. मागितले दहा डॉलर, मिळाले पाच. जाण्याआधी तिने एकेक चौकट समजावून सांगितली आणि स्मिथबाईंनी ती लिहून घेतली. पुढे हॅरिएट आपल्या क्विल्टला भेटायला पुन्हा पुन्हा येत असे. दिल्या घरच्या लेकीला आई भेटायला यावी, तशी. तो क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे आणि त्याला शिवणारीचे नाव, गाव व तिचा स्वतःचा अर्थ आहे, कारण कोणीतरी ऐकले आणि त्याच वेळी लिहिले. ज्या समाजाच्या हजारो शिवणाऱ्यांतून अशी मोजकी नावे हाती लागली, त्याला रचलेल्या संकेतकथेची भरपाई देणे म्हणजे खऱ्या बाईचे पाच डॉलर दुसऱ्यांदा बुडवणे.

हेच काम दुसऱ्या टोकाकडून सेंट लुईसच्या क्वेस्टा बेनबेरी यांनी केले. शाळेत शिकवणाऱ्या या काळ्या विदुषीने स्वतः फारसे शिवले नाही, पण आयुष्यभर कागद जमवले. काळ्या बायकांचे क्विल्ट ओबडधोबड, भडक आणि उत्स्फूर्तच असायचे, या गोऱ्या रसिकांच्या ठरीव कौतुकाला त्यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात पुराव्यानिशी छेद दिला. काळ्या बायकांनी सगळ्याच तऱ्हांचे क्विल्ट शिवले होते; त्या नेहमीच तिथे होत्या, पाहणाऱ्यांनाच त्या दिसत नव्हत्या. त्याआधी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट भिंतीवर टांगून त्यांना अमूर्त चित्रांचा मान दिला होता. मान मोठा होता, पण भिंतीवर चढताना शिवणाऱ्या बाईचे नाव खालीच राहिले. कौतुक आणि चौकशी यांतला फरक तो हाच.

आता कालिकतकडे. या बायकांनी कापडाच्या धाग्याला धरून मागे जायला सुरुवात केली, तेव्हा तो त्यांना थेट आपल्या दारात घेऊन आला. इंग्लंडमधल्या लेव्हन्स हॉल या वाड्यात सुमारे १७०८ चा तुकड्यांचा क्विल्ट आहे. त्या देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. आणि त्यातले तुकडे आहेत भारतीय छिटाचे. 'चिंट्झ' हा त्यांचा शब्द म्हणजे आपले छीट. या छिटाने युरोपच्या विणकरांना इतके हैराण केले की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी त्यावर बंदी घातली. जाड्याभरड्या 'डंगरी'चे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. आणि ज्या युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली त्याच युद्धाने, १८६१ ते १८६५ या चार वर्षांत, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला म्हणून वऱ्हाड-खानदेशाचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या गोदीतून गेला. बॅकबेच्या भरावाच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. युद्ध संपले तसे सारे कोसळले आणि पुढे ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंदांचेही दिवाळे वाजले. कॅन्ससमधल्या पांघरुणाचा धागा ओढला की इथे बोरीबंदर हलते.

आणि आपले पांघरूण? त्याचा धागा कोणी ओढला? गोधडीवर आपण भरभरून बोलतो. 'मायेची ऊब' हे दोन शब्द तर तिला कायमचे चिकटले आहेत. लग्नपत्रिकेपासून साहित्य संमेलनाच्या भाषणापर्यंत ते सगळीकडे पांघरले जातात. शहरातल्या दुकानांत ती आता भिंतीवर टांगायला हजारोंनी विकली जाते. पण वाकळ आणि गोधडी यांत फरक कुठल्या तालुक्यात कसा करतात, चौघडी कशाला म्हणतात, टाके कडेपासून आत फिरत येतात की आडवे सरळ जातात, पैसे घेऊन गोधड्या शिवणाऱ्या बाया कोण आणि त्या हातभर दोऱ्याचा हिशेब कसा ठेवतात, याची कार्डे कुठे आहेत? शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका आपल्या 'कवंद'च्या चारही कोपऱ्यांना कापडाची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानत नाहीत, हे आता जगभरच्या क्विल्टकारांना ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते विचारले आणि लिहिले. आमच्या माणदेशातल्या वाकळेच्या कोपऱ्यात काय असते?

साक्षीदार तर आपल्याकडेही हजर आहेत. लुगड्याचा काठ सांगेल की कापड इरकलचे, नागपूरचे की गिरणीचे. महायुद्धातले 'कंट्रोल'चे भरड कापड हाताला कळते. टेरिकॉटचा एक जरी तुकडा दिसला तरी गोधडी साठच्या दशकाआधीची असण्याची शक्यता जवळजवळ नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचे कापड आटत गेले आणि भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांचे वाढले. घरोघरच्या ठिगळांत ही उलथापालथ नोंदलेली असणार. त्यातच कुठे कामगाराची खाकी, कुठे निवडणुकीच्या फलकाचे अर्धे अक्षर, कुठे खताच्या पोत्याचे अस्तर. गिरणगावावर पुस्तके झाली, नाटके झाली, चित्रपट झाले. गिरणीतून निघालेले कापड शेवटी ज्या वस्तूत जाऊन विसावले, तिचे वाचन मात्र बाकी आहे.

यासाठी परिषद भरवायला नको आणि अनुदानाची वाट पाहायला नको. केंटकीतल्या बायकांनीच १९८१ मध्ये राज्यातल्या क्विल्टची पहिली नोंदणी हाती घेतली, ती अशी: गावातल्या एखाद्या सभागृहात एक दिवस ठरवायचा, लोकांना घरातले क्विल्ट घेऊन बोलवायचे, मोजायचे, छायाचित्र काढायचे, आणणारीला विचारायचे, लिहायचे आणि क्विल्ट परत द्यायचा. विकत घ्यायचा नाही. पाहता पाहता बहुतेक राज्यांनी हा कित्ता गिरवला. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घरोघरच्या गोधड्या धुवायला निघतात. नदीकाठ, विहिरी, गच्च्या त्यांनी भरून जातात. नोंदणीला याहून चांगला मुहूर्त कोणता? शाळेचा एक वर्ग, एक मोजपट्टी, एक मोबाइल आणि ऐकायला बसलेल्या दहा मुली. 'कुणी शिवली', 'कुठली कापडं', 'किती दिवस लागले', 'टाका असाच का' हे चार प्रश्न. ज्या बाईला आयुष्यात कोणी मुलाखत मागितली नाही, ती एका ठिगळावर अर्धा तास बोलेल. बचतगटांच्या ज्या बायका आज गोधड्या शिवून विकतात, त्यांच्याच हातात वही गेली तर उत्तम. कारण बोचके त्यांना ठाऊक आहे.

तोवर एक काम मात्र आज, गोधडी माळ्यावर टाकण्याआधी, होण्याजोगे आहे. पांढऱ्या मांजरपाटाची वीतभर चिंधी घ्यावी. न पुसणाऱ्या शाईने तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव, आणि ठाऊक असतील तर ठिगळांचे धनी लिहावेत. चिंधी अस्तराच्या कोपऱ्याला चार टाक्यांनी बसवावी. तिकडच्या क्विल्टकार हल्ली हेच करतात. मात्र ब्रॅकमन यांचा नियम विसरू नये. ही चिंधी त्या गोधडीतले सर्वांत तरुण ठिगळ ठरणार आहे आणि पन्नास वर्षांनी कोणी चिकित्सक बाई तिच्यावरूनच गोधडीचे वय काढायला बसेल. तिची फसगत व्हायला नको. म्हणून साले दोन लिहावीत: एक गोधडी शिवल्याचे, आणि एक ही चिंधी लावल्याचे. पहिले आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडावी आणि आईला किंवा मावशीला आजच फोन करावा.